दाट धुके आणि ऐंशी हजार पौंडांचा ट्रक



या वेळच्या पाठाचा विषय आहे धुके. हिवाळ्यात एखाद्या सकाळी प्लेनोत समोरचे घरसुद्धा दिसत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. धुके म्हणजे जमिनीवर उतरलेला ढग. हवेतल्या बाष्पाचे अगदी बारीक थेंब होतात आणि ते तरंगत राहतात. मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा टेक्ससमध्ये येते. थंड जमिनीवरून वाहताना ती गार होते आणि धुके पडते. मुंबई-पुण्याच्या वाटेवर बोरघाटात मात्र पावसाळ्यात ढगच डोंगराला येऊन टेकतात.

आता आमची एक चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही भल्या पहाटे ह्यूस्टनला निघालो होतो. कोर्सिकाना मागे पडले आणि धुके दाटले. आम्ही हेडलाइटचा मोठा झोत लावला, तर समोर नुसती पांढरी भिंत! पुढे एका ट्रकचे लाल दिवे दिसत होते. "याच्या मागे मागे जाऊ, म्हणजे झाले," असे आम्ही ठरवले. थोड्या वेळाने ते दिवे उजवीकडे वळले, आम्हीही वळलो. तो हायवे सोडून बाहेर पडत होता, हे आम्हाला कळलेच नाही. एकदम दिवे मोठे झाले. आम्ही करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा मधे जेमतेम एका गाडीइतकी जागा उरली होती. मागच्या सीटवर मुले झोपेतून दचकून उठली.

तो ट्रक शेजारच्या ट्रक स्टॉपवर जाऊन उभा राहिला. आम्हीही तिथेच थांबलो. ट्रकमधून एक पंजाबी ड्रायव्हरकाका उतरले. ते रागावले नाहीत. हिंदीत एवढेच म्हणाले, "मी वळलो तसे तुम्ही वळलात. मी खड्ड्यात गेलो असतो तर?" धुके निवळेपर्यंत ते पुढे जाणार नव्हते. माल उशिरा पोचेल, बोलणी बसतील, पण त्यांचा निर्णय पक्का होता. अमेरिकेचा नियमही तेच सांगतो: धुक्यात, बर्फात ट्रकचा वेग कमी करावा आणि धोका फारच वाढला तर जवळच्या सुरक्षित जागी ट्रक थांबवावा.

ट्रकला एवढी काळजी का घ्यावी लागते? थोडे गणित करू. भरलेल्या मोठ्या ट्रकचे वजन ८०,००० पौंडांपर्यंत असू शकते. ट्रकच्या परवान्याच्या पुस्तकात ताशी ५५ मैल वेगासाठी हे आकडे दिले आहेत. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले आहेत असे धरले आहे.

धोका डोळ्यांना दिसून मनाला कळेपर्यंत: १४२ फूट
पाय ब्रेकवर जाईपर्यंत: ६१ फूट
हवेचे ब्रेक लागेपर्यंत: ३२ फूट
ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत: २१६ फूट
एकूण: ४५१ फूट

समजा, धुक्यात २०० फुटांपर्यंतच दिसते आहे. मग ५५ च्या वेगाने जाणाऱ्या ट्रकला समोरची बंद पडलेली गाडी दिसली, तरी तो थांबू शकणार नाही. आता वेग निम्मा करा. पहिली तीन अंतरे निम्मी होतात: ७१, ३०.५ आणि १६ फूट. चौथे मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ते पाव होते: ५४ फूट. बेरीज १७१.५ फूट. ट्रक वेळेवर थांबला! नियम एकच: जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा.

हे न पाळल्यास काय होते? २०१२ साली थँक्सगिव्हिंगच्या सकाळी आपल्याच टेक्ससमध्ये, बोमाँटजवळ आय-१० वर दाट धुक्यात शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या. दोन जणांचा जीव गेला. ट्रकखाली त्यांची गाडी चिरडली होती.

ट्रक असो वा आपली गाडी, हे लक्षात ठेवा:

१. शक्यतो धुक्यात निघूच नये. उशीर चालेल.
२. धुक्यात शिरण्याआधीच वेग कमी करावा.
३. दिवसाही दिवे लावावेत, पण झोत खालचा. मोठा झोत थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.
४. पुढच्या लाल दिव्यांमागे जाऊ नये. रस्त्याच्या रेघा आणि कडेची चमकणारी खूण पाहावी.
५. ओव्हरटेक करू नये. रेडिओ बंद ठेवून कान उघडे ठेवावेत.
६. थांबावेच लागले, तर रस्त्यापासून होईल तितके दूर जावे. लुकलुकणारे इंडिकेटर सोडून बाकी दिवे बंद करावेत, हँडब्रेक लावावा आणि पाय ब्रेकवरून काढावा. नाहीतर आपले लाल दिवे पाहून कोणी आपल्यावरच येईल.

घाटातल्या पाट्यांवर लिहिलेले असते, "अति घाई संकटात नेई". त्या पहाटेपासून ही पाटी आमच्या फ्रिजवर लागली आहे. मुलांनीच लिहिली, "घाई" मधला "घ" दोनदा खोडून.

शब्दार्थ
बाष्प: पाण्याची वाफ
दमट: ओलसर
झोत: दिव्याचा लांब जाणारा प्रकाश
निवळणे: विरळ होऊन स्वच्छ होणे
जेमतेम: कसेबसे, अगदी थोडे

लक्षात ठेवा: धुके पडते, दाटते, विरते आणि निवळते. मराठीत धुके "होत" नाही.

गृहपाठ
१. ताशी ४० मैलांहून कमी वेगात ट्रकने आपल्या लांबीच्या दर १० फुटांना १ सेकंद अंतर ठेवावे, आणि वेग त्याहून जास्त असेल तर आणखी १ सेकंद. ५० फुटी ट्रकने ताशी ५५ मैल वेगात किती सेकंद अंतर ठेवावे?
२. "दाटणे" हे क्रियापद वापरून तीन वाक्ये लिहा. एकात धुके नको.
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा: घाटात धुक्यात सापडलात तेव्हा काय केलेत? पाच ओळी लिहून आणा. पालकांनी शुद्धलेखन तपासावे, पण मजकूर बदलू नये.