पऱ्हाटीचा उद्योग आणि मार्गदर्शक संस्थेचे कौशल्य

विदर्भात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाटी उभी राहते. थोडी चुलीसाठी घरी नेली जाते. उरलेली बहुधा बांधावर जाळली जाते. हेक्टरी सुमारे दोन ते तीन टन निघणारा हा माल ग्रामीण उद्योगाला उपयोगी पडू शकतो. परंतु केवळ यंत्र विकत घेतल्याने उद्योग उभा राहत नाही. कच्चा माल, ओलावा, यंत्र आणि गिऱ्हाईक यांचा मेळ घालून देणारा जाणकार लागतो. असे जाणकार कसे घडतात, हे नागपूरच्या उदाहरणावरून समजून घेण्यासारखे आहे.

प्रयोगशाळेकडून कारखान्याकडे

कापसाच्या धाग्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा 1924 साली मुंबईत माटुंगा येथे सुरू झाली. तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था होय. धाग्याचे गुण प्रयोगशाळेत मोजता येतात. पण रुई बिघडते ती वेचणीत, वाहतुकीत आणि जिनमध्ये. म्हणून 1985 साली या संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र कापूस पिकविणाऱ्या मुलखातच, नागपूर येथे, स्थापन झाले.

कौशल्य कसे वाढते

अशा केंद्राचे ज्ञान मुख्यतः तीन मार्गांनी वाढते. पहिला मार्ग म्हणजे चालते यंत्र. छोट्या नमुन्यावर साधलेली गोष्ट मोठ्या प्रमाणावर साधेलच असे नाही. म्हणून प्रायोगिक कारखाना लागतो. दुसरा मार्ग म्हणजे प्रशिक्षण. शिकावयास आलेला फिटर आपली अडचणही बरोबर आणतो आणि त्यामुळे शिकविणाराही शिकतो. तिसरा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष कारखान्यात जाऊन केलेली मोजमापे.

जिनमधील रूळ हे याचे चांगले उदाहरण आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्याचे रूळ झिजले की त्यांची धूळ रुईत व कामगारांच्या श्वासात मिसळते. यावर संस्थेने क्रोमविरहित रबरी रूळ तयार केले. कारखान्यातील दोष आधी ओळखला गेला, म्हणून त्यावरील उपाय शोधता आला.

पऱ्हाटीचा हिशेब

नागपूरच्या केंद्रात पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड बनविण्याचा प्रायोगिक कारखाना उभारण्यात आला. पऱ्हाटीचा भुगा दाबून जळाऊ कांड्या, म्हणजे ब्रिकेट, तयार करण्याच्या पद्धतीवरही तेथे काम झाले. ब्रिकेटसाठी वेगळा चिकट पदार्थ लागत नाही. दाब व उष्णता यांमुळे लाकडातील नैसर्गिक द्रव्यच भुगा बांधून धरते. मात्र भुग्यातील ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास असावा. ओला भुगा नीट बांधला जात नाही.

आता एक हिशेब पाहावा. रोज दहा टन ब्रिकेट काढणारा कारखाना शंभर दिवस चालविण्यास एक हजार टन कोरडी पऱ्हाटी लागेल. हेक्टरी दोन टन धरल्यास पाचशे हेक्टरांवरील पऱ्हाटी गोळा करावी लागेल. घट व घरगुती वापर लक्षात घेता क्षेत्र याहून अधिक लागेल. पऱ्हाटी वजनाने हलकी व आकाराने मोठी असल्याने लांबून आणण्याचा खर्च नफा खाऊन टाकतो. म्हणून तिचे तुकडे शेताजवळच करणे श्रेयस्कर. हा हिशेब न करता कर्ज काढणाऱ्याचे यंत्र बंद पडते, हप्ते मात्र चालूच राहतात.

ग्रामसेवकांनी करावयाची कामे

1. आपल्या गटातील कपाशीचे क्षेत्र आणि खरोखर मिळू शकणारी पऱ्हाटी यांची नोंद करावी.

2. इच्छुक तरुणांना यंत्र घेण्यापूर्वी चालता कारखाना दाखवावा व प्रशिक्षणास पाठवावे.

3. ब्रिकेट घेणारे बॉयलरवाले व भट्टीवाले आधी शोधावेत आणि दर लेखी ठरवून घ्यावा.

4. पऱ्हाटीचे ढीग शेताशेजारी दीर्घकाळ राहू देऊ नयेत. त्यांतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते व पुढील हंगामात पुन्हा पिकावर येते.

5. उद्योगात आलेले अपयश लपवू नये. ते मार्गदर्शक संस्थेला कळवावे.

यांतील शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. एका गावात बिघडलेले काम संस्थेला कळले, तर दुसऱ्या गावाचे नुकसान टळते. संस्थेचे कौशल्य हे अशा रीतीने शेतकरी, कारागीर व संशोधक या तिघांच्या अनुभवातूनच वाढत असते.