कोणता ट्रक भारी? गुणोत्तर, गिअर आणि ट्रकवाले पालक



सहावीच्या गणितात 'गुणोत्तर-प्रमाण' हा घटक आला की आपण साधारण तीच उदाहरणं घेतो. पेन आणि वह्या, मुलं आणि मुली, सरबतातली साखर आणि पाणी. मुलं उत्तरं बरोबर काढतात, पण गुणोत्तर कळलंय की नुसती रीत पाठ झालीय, हे समजत नाही. आमची शाळा महामार्गाच्या जवळ आहे, खंबाटकी घाट इथून लांब नाही. वर्गातल्या २६ मुलांपैकी ११ जणांच्या घरी कोणी ना कोणी ट्रकवर आहे. या मुलांचं मधल्या सुट्टीतलं कायमचं भांडण म्हणजे "टाटा भारी का लेलँड भारी?" मग म्हटलं, हाच विषय वर्गात घेऊया. दोन आठवडे चाललेल्या या उपक्रमाबद्दल लिहिते आहे. कोणाला आपल्या वर्गात घ्यायचा असेल तर उपयोग होईल.

सुरुवात इतिहासाने केली, कारण मुलांना कंपन्यांची नावं माहीत असतात, त्या आल्या कुठून हे माहीत नसतं. टाटांची टेल्को १९४५ ची. तिने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली, म्हणून जुने ड्रायव्हर अजून 'टाटा-मर्सिडीज' म्हणतात. तो करार १९६९ मध्ये संपला. अशोक मोटर्स १९४८ मध्ये मद्रासला ऑस्टिनच्या मोटारी जोडण्यासाठी निघाली आणि ब्रिटनच्या लेलँडशी भागीदारी झाल्यावर १९५५ मध्ये अशोक लेलँड झाली. व्होल्वोचे ट्रक १९९८ मध्ये भारतात आले, आयशर आणि व्होल्वो २००८ मध्ये एकत्र आले, आणि डेमलरने चेन्नईजवळ ओरगडमला कारखाना काढून २०१२ मध्ये 'भारतबेंझ' बाजारात आणला. महिंद्राचे मोठे ट्रक तर आपल्या चाकणलाच बनतात. हे फळ्यावर लिहिल्यावर एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टाटा आणि भारतबेंझ जुन्या नात्यातल्याच की!" या वाक्यासाठी तिला इतिहासाचे पाच गुण द्यायला माझी हरकत नाही.

मुलाखती

मुलांना घरी तीन प्रश्न विचारून यायला सांगितले. तुम्ही कोणत्या गाड्या चालवल्या? त्यातली कोणती चांगली वाटली? का? एक अट होती. वहीत कंपनीचं नाव लिहायचं नाही, 'पहिली गाडी', 'दुसरी गाडी' असं लिहायचं. मुलं हिरमुसली, पण अट फार उपयोगी पडली. नाव गेलं की भांडण संपतं आणि 'का?' या रकान्यात काहीतरी लिहावंच लागतं.

त्या रकान्यात जे आलं ते वाचून मी खरंच थक्क झाले. एका वडिलांनी सांगितलं, "पहिली गाडी ओढायला जबरदस्त, पण रिकामी असताना अंगाचं खुळखुळं होतं." दुसरे म्हणाले, "दुसरी गाडी सहसा बिघडत नाही. पण बिघडली तर पार्ट शहरातून येईपर्यंत गाडी उभी." तिसऱ्यांचं उलट, "गाडी दर महिन्याला काहीतरी काढते, पण कोणत्याही तालुक्याला मिस्त्री मिळतो, संध्याकाळी परत रस्त्यावर." एका मुलाच्या आजोबांनी तर प्रश्नावरच प्रश्न टाकला, "चांगली कशासाठी? ऊस ओढायला, का मुंबईला पार्सल न्यायला?"

आजोबांचं वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आणि दोन आठवडे पुसू दिलं नाही. ऊस, वाळू, खडी यांसाठी कच्च्या रस्त्यावरून सावकाश जायचं असतं, खालच्या गिअरमध्ये ओढ हवी असते. पार्सलची गाडी रात्रभर एका वेगात पळते, तिला ॲव्हरेज हवं असतं. एकाच गाडीला पहिल्या कामात दहापैकी आठ आणि दुसऱ्यात चार मिळू शकतात, आणि दोन्ही गुण बरोबर असतात.

'भरवशाची गाडी' म्हणजे काय, यावर वर्गात चांगलीच चर्चा झाली. न बिघडणारी, की बिघडली तरी लगेच नीट होणारी? यावर आकडे धरून गणित केलं (आकडे मानलेले आहेत, पण पालकांना विचारून मानले). एका गाडीचं ॲव्हरेज लिटरला ४ किलोमीटर, दुसरीचं ३.६. महिन्याला ८००० किलोमीटर धावल्या तर पहिलीला २००० लिटर डिझेल लागतं, दुसरीला साधारण २२२२. डिझेल ९० रुपये धरलं तर फरक जवळपास २०,००० रुपयांचा. आता गाडीचा हप्ता महिन्याला ६०,००० असेल तर दिवसाला झाला २,०००. म्हणजे जास्त ॲव्हरेज देणारी गाडी पार्टची वाट बघत दहा दिवस गॅरेजला उभी राहिली, तर महिन्याभरात वाचवलेलं सगळं डिझेल नुसत्या हप्त्यातच गेलं. बुडालेलं भाडं वेगळंच. हे गणित सोडवताना कोणीही "हे कशाला शिकायचं?" असं विचारलं नाही.

एका गोष्टीवर मात्र मुद्दाम थांबले. बऱ्याच पालकांनी दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीची तुलना आताच्या गाडीशी केली होती आणि जुनीला जास्त गुण दिले होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिनं सक्तीची झाली. त्यात धूर शुद्ध करायला 'युरिया'ची वेगळी टाकी आली, सेन्सर आले, आणि मिस्त्रीच्या पान्याइतकंच लॅपटॉपला महत्त्व आलं. युरिया संपला की गाडीची ताकद आपोआप कमी होते, म्हणून ड्रायव्हर वैतागतात. हा वैताग खरा आहे, पण तो एका कंपनीच्या नावावर लिहिता येत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे. शिवाय ज्याने आयुष्यात एकच गाडी चालवली त्याच्या मताला किती वजन द्यायचं, हाही प्रश्न मुलांनीच काढला. अकरा घरांच्या माहितीवरून देशातली सगळ्यात चांगली गाडी ठरवायची नाही, एवढं सर्वानुमते ठरलं.

गिअरचं गणित

आता मुख्य भाग. आधी सायकल वर्गात आणली. पुढच्या मोठ्या चक्राचे दात मोजले, ४४. मागच्या छोट्या चक्राचे १८. म्हणजे ४४:१८, संक्षिप्त रूप २२:९. पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळपास अडीच फेरे फिरतं. वेग मिळाला, पण चढावर पायात गोळे आले. ट्रकच्या खालच्या गिअरमध्ये नेमकं याच्या उलट घडतं. छोटं चक्र मोठ्याला फिरवतं. २० दातांनी ६० दातांना फिरवलं तर फेरे एक तृतीयांश होतात आणि फिरवण्याचा जोर तिप्पट होतो (घर्षणात थोडा जातो, तो सोडून दिला). फुकट काही मिळत नाही हे मुलांना इथे पटकन कळतं.

मग ट्रक. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ७:१ आहे आणि मागच्या हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं ६:१. दोन्हींचा गुणाकार ४२. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन ४२ वेळा फिरतं. टॉप गिअर १:१ धरला तर फक्त ६ वेळा. इंजिन मिनिटाला १२६० फेरे फिरतंय असं धरू. पहिल्या गिअरमध्ये चाकाचे ३० फेरे, टॉपमध्ये २१०. टायरचा घेर ३.३ मीटर. मुलांनी गुणाकार केले. पहिल्या गिअरमध्ये ताशी साधारण ६ किलोमीटर, टॉपमध्ये साधारण ४२. इंजिन तेच, फेरे तेच. "म्हणजे पहिल्या गिअरला पप्पांची गाडी माणसाच्या चालीने जाते!" हे वाक्य पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

पुढचा प्रश्न आला, मोठ्या ट्रकला नऊ गिअर कसे, काठी तर तेवढ्या जागी फिरतच नाही? त्याचं उत्तर सुंदर आहे. अशा बऱ्याच गिअरबॉक्समध्ये मूळ गिअर चारच असतात. एक बटण किंवा खटका बदलला की तेच चार वरच्या पट्टीत पुन्हा मिळतात, आणि अगदी सरपटण्यासाठी एक जास्तीचा. ४ × २ + १ = ९. एका मुलाने अमेरिकेतल्या १८ गिअरच्या ट्रकचा व्हिडिओ बघितला होता. तिथल्या ईटन-फुलर गिअरबॉक्समध्ये या प्रत्येक गिअरचे आणखी दोन भाग होतात, म्हणजे ९ × २ = १८. त्या गिअरबॉक्समध्ये गिअर आपोआप जुळवून घेणारी रचना मुख्य गिअरांना नसते, ड्रायव्हरला फेरे जुळवावे लागतात. हे ऐकून आजोबा (हो, तेच, त्यांना आम्ही शाळेत बोलावलं होतं) खुश झाले. "आमच्या जुन्या गाड्यांना हेच होतं. डबल क्लच! नाहीतर गिअर असा करकरायचा की अख्ख्या गावाला कळायचं."

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांवर पालकांत दोन गट पडले. या गाड्यांत गिअरबॉक्स नेहमीसारखाच दातांचा असतो, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं संगणक करतो. व्होल्वोचा बारा गिअरचा 'आय-शिफ्ट' हा त्यातला प्रसिद्ध प्रकार, २००१ चा. एक वडील म्हणाले, "घाटात कधी गिअर टाकायचा हे माझ्या पायाला कळतं, मशीनला काय कळणार?" दुसरे गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं क्लच दाबून माझा डावा गुडघा गेलाय." यावर कोणी बोललं नाही. गाडीची तुलना करताना चालवणाऱ्याच्या शरीराचा रकाना आमच्या तक्त्यात नव्हताच, तो त्या दिवशी वाढवला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, तो मुद्दाही याच रकान्यात गेला.

उतार

हा उपक्रम मी खरं तर या भागासाठी घेतला. नव्या कात्रज बोगद्याकडून पुण्यात नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावरच्या अपघातांच्या बातम्या आपण सगळे वाचतो. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणं, कधीकधी तर इंजिनच बंद करणं, हे त्यातलं एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे येतं. आमच्या मुलांचे वडील त्याच रस्त्याने जातात.

मुलांना मी ४२ चा आकडा आठवायला सांगितला. चढावर इंजिन चाकाला फिरवतं. उतारावर गाडी गिअरमध्ये असेल तर चाकाला इंजिन फिरवावं लागतं, तेही एका फेऱ्याला ४२ वेळा. इंजिनचा जो विरोध असतो तो त्याच पटीत चाकावर येतो आणि गाडी धरून राहते. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल केलं की हा धागाच तुटतो. सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात, लायनर पकडेनासे होतात. इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. एअर ब्रेकची हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. इंजिन बंद, तर हवा भरणं बंद. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होत जाते. स्टिअरिंगही जड होतं.

आणि डिझेल? आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की उतारावर डिझेल सोडणंच बंद होतं, कारण इंजिनला चाक फिरवत असतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं डिझेल जळत राहतं. म्हणजे धोका पत्करून त्या उतारावर डिझेल वाचत नाहीच.

हे मुलांनी घरी सांगितलं. दोन दिवसांनी एक वडील शाळेत आले. मला वाटलं रागावले असतील. ते म्हणाले, "पोरीने समजावलं ते पटलं. पण मॅडम, आमचा शेठ ॲव्हरेज धरून डिझेल मोजून देतो. वाचलं ते आमचं, जास्त लागलं तर पगारातून. मग माणूस काय करणार?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं आणि मी तसं भासवलंही नाही. पण पुढच्या तासाला हा हिशोब, नाव न घेता, वर्गासमोर ठेवला: ठरलेलं ॲव्हरेज ४, अंतर ६०० किलोमीटर, मिळालेलं डिझेल १५० लिटर, घाटातल्या ट्रॅफिकमुळे लागलं १५८. जास्तीचे ८ लिटर कोणी भरायचे? ७२० रुपये हे उत्तर सगळ्यांचं आलं. 'कोणी' यावर तास संपला तरी वाद चालूच होता.

कोणाला हा उपक्रम घ्यायचा असेल तर दोन सूचना. टायरचा घेर सुतळीने मोजताना गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला हवा, आणि जवळ पालक हवेत. दुसरं, ज्यांच्या घरी ट्रक नाही त्या मुलांना ट्रॅक्टर, एसटी, दूधवाल्याचा टेम्पो असं काहीही चालतं. आमच्या वर्गातल्या एकीने आजीच्या शिलाई मशीनचं मोठं आणि छोटं चाक मोजून आणलं. तिचं गुणोत्तर सगळ्यात अचूक निघालं.