पहिली फँटसी कादंबरी लिहिताना : काल्पनिक जग कसं उभं करायचं?



आठवी-नववीच्या वर्गात हल्ली एखादं तरी मूल वहीच्या मागच्या पानांवर नकाशे काढताना दिसतं. विचारलं तर सांगतं, "मी फँटसी कादंबरी लिहितोय." राज्यांची नावं ठरलेली, राजघराण्याची वंशावळ तयार, तलवारीचं चित्रसुद्धा काढून झालेलं. कादंबरीचं पहिलं वाक्य तेवढं लिहायचं राहिलंय! अशा मुलाला "आधी अभ्यास कर" म्हणणं सोपं. त्याला लिहितं कसं करायचं, ते आज पाहू.

नकाशा काढणं वाईट नाही. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) लिहिताना आधी नकाशाच काढला होता. समुद्रात विखुरलेली बेटंच बेटं. पण बेटं म्हटली की होड्या आल्या, होड्या बांधणारे आले, वाऱ्याला महत्त्व आलं आणि वारा वळवणाऱ्या जादूगाराला जहाजावर काम मिळालं. म्हणजे भूगोलातून पोटापाण्याचे धंदे निघाले. तिचा नायक गेड राजपुत्र नाही. डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा, कांस्यकाम करणाऱ्या लोहाराचा मुलगा आहे.

आता जादू. इथेच मुलं अडतात. अर्थसीमध्ये प्रत्येक वस्तूला, प्रत्येक माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव अगदी विश्वासाच्या माणसालाच सांगतात. बघा, एवढ्या एका नियमातून मैत्री, भीती, वैर सगळं आलं. शिवाय जादूला किंमत आहे : एका ठिकाणी बदल केला की जगाचा तोल दुसरीकडे ढळतो. गेड शाळेत ईर्षेने, फुशारकीपोटी मृताला बोलावतो आणि त्याबरोबर एक काळी सावली जगात शिरते. पुढची सगळी गोष्ट त्या सावलीची.

"माझा जादूगार काहीही करू शकतो," असं मूल म्हणालं की हळूच विचारा, "त्याला काय करता येत नाही? आणि जे करतो त्याची किंमत कोण मोजतं?" समजा, एक मुलगी मंत्राने गावची कोरडी विहीर भरते. मग ते पाणी आलं कुठून? शेजारच्या गावची विहीर आटली तर? झाली गोष्ट सुरू. टँकरची वाट पाहिलेल्या मुलाला यातलं बरंच काही ठाऊक असतं, ड्रॅगनपेक्षा नक्कीच जास्त. (ड्रॅगनवर बंदी घालू नका मात्र. अर्थसीतही ते आहेत.)

किती जग रचायचं, हाही प्रश्न आहेच. टोल्कीन आपल्या पुराणकथांवर जवळजवळ आयुष्यभर काम करत राहिले. त्यांचं 'द सिल्मॅरिलियन' १९७७ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, मुलाने संपादित करून प्रसिद्ध केलं. पहिल्या कादंबरीला एवढं सगळं लागत नाही. नायकाला पहिल्या प्रकरणात जेवढं दिसतं, तेवढं पक्कं हवं. बाकीचं लिहिता लिहिता सापडतं.

वर्गात हा उपक्रम करून बघा. आपल्या जगातल्या बाजाराचं एक पान लिहायला सांगा. राजा नको, युद्ध नको, "हजारो वर्षांपूर्वी" तर नकोच. काय विकायला आहे, पैसे कोणते चालतात, कोणती वस्तू लपवून विकतात, कोण आलं की लोक आवाज खाली करतात? मग वह्यांची अदलाबदल. वाचणाऱ्याने "असं का?" वाटलेल्या दोन जागी खूण करायची. लिहिणाऱ्याने एकाचं उत्तर गोष्टीत द्यायचं, दुसरं राखून ठेवायचं. त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ तपासू नका, पालकांनीसुद्धा.

आणि नकाशाची वही जप्त करू नका. पहिलं प्रकरण झालं की ती पुन्हा उघडायला सांगा. बहुतेक वेळा एखादी नदी हलवावी लागते.