कुणाचे दुखणे खरे?



नरखेड तालुक्यात संत्र्याचा तोडा किंवा कापसाची वेचणी सुरू झाली की मजुराच्या घरी एकच हिशेब असतो. वावरात जाता येते तोवर माणूस धडधाकट. अंथरुणावरून उठताच आले नाही, तर आजारी. बागाईतदाराच्या गुडघ्यात कळ आली तर तो नागपूरच्या डॉक्टरकडे जातो. तीच कळ मजुराच्या पोराला आली तर त्याला कामचुकार म्हणतात. दवाखान्यात जायचे तर रोजी बुडते, वर गाडीभाडे लागते. म्हणून आपण दुखणे अंगावर काढतो आणि त्यालाच निरोगीपणा समजू लागतो.

याचे आपल्या घरातले उदाहरण म्हणजे सिकलसेल. रक्तातील निरोगी तांबड्या पेशी गोल असतात व सुमारे १२० दिवस जगतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, १० ते २० दिवसांत मरतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात, हाडे व सांधे असह्य दुखतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि पाणी कमी पिणे यांनी दुखणे उसळते. दोन दिवसांनी तोच मुलगा चालताफिरता दिसतो, म्हणून लोकांना ते सोंग वाटते. कुबडी दिसली तर अपंगत्व पटते. रक्तातले अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही.

मग कोणी म्हणतो, मागल्या जन्मीचे पाप. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा. कोणी सुनेला दोष देतो. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला आहे. गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी, एवढाच त्याचा उपयोग, असे त्यांनी दाखवून दिले. मूल आपले गुण आईबापांकडून घेते, हे विज्ञानाचे म्हणणेही त्यांनी तेथे पुढे ठेवले आहे.

सिकलसेलचे कारण तेच आहे. आई आणि बाप दोघेही वाहक, म्हणजे ‘एएस’, असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल आजारी, म्हणजे ‘एसएस’, होण्याचा संभव २५ टक्के, वाहक होण्याचा ५० टक्के व पूर्ण निर्दोष असण्याचा २५ टक्के असतो. एकच जण वाहक व दुसरा निर्दोष असेल तर मूल वाहक होऊ शकते, सिकलसेलचे रुग्ण होत नाही. आजारी मुलाला दोष दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणे हे अज्ञान आहे.

हा अमक्या जातीचा रोग, असे कोणी म्हणेल तर मान खाली घालू नका. हिवताप जेथे फार होता तेथे वाहकांना त्यापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हा दोष टिकला. आफ्रिका, अरबस्तान व भूमध्य समुद्राकाठीही तो आहे. आपल्याकडे तो आदिवासींत व इतर समाजांतही आढळतो. जातीतच लग्ने होत राहिल्याने तो त्या त्या समूहात साचला. जातीबाहेरील विवाहाची बंदी हेच जातीचे मूळ, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात सांगितले होते.

कायद्याने आता हे दुखणे मान्य केले आहे. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल तर सरकारी उच्च शिक्षणात राखीव जागांचा हक्क मिळतो. मात्र सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार धरलेले नाहीत. ही उणीव दूर व्हावी म्हणून संघटितपणे मागणी केली पाहिजे.

घरी एवढे करावे. सोयरीक ठरवण्यापूर्वी मुलामुलींची रक्ततपासणी करून घ्यावी. वाहक मुलीला किंवा मुलाला नाकारू नये. दोघेही वाहक असतील तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजारी मुलाला भरपूर पाणी द्यावे, थंडीत ऊब द्यावी, फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे. ताप, धाप किंवा छातीत दुखणे असेल तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. त्याची सेवा का केली नाही, असे तथागतांनी विचारले. तो आमच्या काही उपयोगाचा नव्हता, असे इतर भिक्खूंनी सांगितले. तथागतांनी आधीच आनंदासह त्याला आपल्या हातांनी न्हाऊ घालून खाटेवर निजवले होते. ‘किती राबतो’ या मापाने माणूस मोजणे धम्माला मान्य नाही. घरातले मूल दुखते म्हणून रडले तर पहिल्यांदा त्याच्यावर विश्वास ठेवा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न:
१. आपल्या घरी ‘आळशी’ कोणाला म्हणतात? त्याची तपासणी झाली आहे काय?
२. पूर्वकर्माच्या समजुतीने कोणाची जबाबदारी टळते?
३. दोघेही वाहक असतील तर मूल आजारी होण्याचा संभव किती?

जयभीम!