गिअर का अडतो?

तुमच्यापैकी काही जण पुढे मोटार चालवतील, काही जण गॅरेजमध्ये काम शिकतील. गिअर नीट पडत नसेल, तर लगेच गिअरबॉक्स खोलू नका. आधी एक सोपी तपासणी करा.

गाडी सपाट जागी उभी करा व हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून पाहा. मग गिअर न्यूट्रलमध्ये आणा. इंजिन सुरू करा, ब्रेक व क्लच पूर्ण दाबा आणि पुन्हा तसेच करा.

इंजिन सुरू असतानाच गिअर अडतो का? मग दोष बहुधा क्लचचा आहे. त्याची केबल सैल झाली असेल. काही गाड्यांत केबलऐवजी तेल असते. ते कमी झाले असेल. दोन्ही वेळा अडत असेल, तर गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तपासा. गिअर पडतो, इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही? मग क्लचप्लेट झिजली असेल.

हा दोष अंगावर काढू नका. घाट उतरताना खालचा गिअर पडला नाही, तर सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. म्हणून ध्यानात ठेवा : आधी तपासणी, मग दुरुस्ती आणि त्यानंतरच प्रवास.