टाकीतले जुने पेट्रोल आणि दहा कुमारींचे दिवे

शास्त्रपाठ : मत्तय २५:१-१३, निर्गम १६:१३-२१



हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपली बोट नर्मदेच्या काठावर ओढून ठेवलेली असेल. ‘आपली’ म्हणते, कारण ती आपल्याच दानातून घेतली आहे. सरदार सरोवर धरणामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. डोंगरउतारावरच्या कित्येक पाड्यांना आज दवाखान्याची जवळची वाट म्हणजे पाण्याची वाट. उन्हाळ्यात मात्र पाणी उतरते, काठाला गुडघाभर गाळ उरतो आणि बोट लावायला जागा राहत नाही. म्हणून मेच्या सुरुवातीपासून पाणी पुन्हा चढेपर्यंत, साधारण दहा-अकरा आठवडे, ती उभी असते. थंड देशांत हिवाळ्यात बोटी अशाच उभ्या राहतात, आणि कोकणात १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात.

या वेळचा पाठ त्या उभ्या बोटीविषयी आहे. पण आधी मला एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यानंतरच्या अंकात मी एक साक्ष लिहिली होती. एका पाड्यावरची गरोदर बहीण दवाखान्याच्या वाटेवर बोटीतच बाळंत झाली आणि आई व बाळ दोघेही वाचली. ती वाचून आपल्यापैकी अनेकांनी उपकारस्तुतीची पत्रे पाठवली. साक्ष खरी होती, पण अर्धी होती. ती बहीण आपल्या बोटीतून गेलीच नाही. आपली बोट सुरूच झाली नाही.

त्या मे महिन्यात बोट ओढून ठेवताना आमचे बोटचालक भाऊ म्हणाले होते, “ताई, टाकीतलं पेट्रोल काढून घेऊ. इंजिनपण कोरडं करू.” टाकीत बारा-तेरा लिटर पेट्रोल होते. मला मीटिंगला जायची घाई होती. मी म्हणाले, “राहू दे हो, पेट्रोल काय नासतंय थोडंच? पावसात कामाला येईल.” भाऊ माझ्यापेक्षा वयाने लहान, आणि पगाराच्या वहीवर सही माझी. ते गप्प बसले.

जुलैत पहिल्या मोठ्या पावसाने नाल्यावरचा रस्ता वाहून गेला आणि दुसऱ्याच पहाटे निरोप आला. बोट पाण्यात ढकलली. भाऊंनी दोरी ओढून ओढून हात सोलून घेतले. इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. काठावर झोळीत ती बहीण कण्हत होती. तिची सासू माझ्याकडे पाहत होती, बोलत काही नव्हती. शेवटी पलीकडच्या मासेमारांची बोट बोलावली. ती यायला दोन तास गेले. त्या दोन तासांत काय होऊ शकले असते, हे मी आजही मनात पुरे करू शकत नाही.

पुढे तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडून दाखवला. आत हिरवट, चिकट थर होता आणि पेट्रोल जाण्याचे बारीक भोक पूर्ण बुजले होते. टाकीतले पेट्रोल त्यांनी काचेच्या बाटलीत ओतले, तर तळाशी वेगळाच गढूळ थर दिसला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू मी उघडाच ठेवला होता.

पेट्रोल नासते ते असे

पेट्रोल ठेवले की त्यातला हलका भाग उडून जातो, उन्हाळ्यात तर लवकरच. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन डिंकासारखा चिकटा बनतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अगदी थोडे असते, म्हणून तिथे तो सर्वांत आधी धरतो.

दुसरे कारण पाण्याचे. आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. ओलावा मर्यादेबाहेर गेला की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. इंजिनकडे जाणारी नळी पेट्रोल उचलते तेही तळातूनच. आमचे इंजिन टू-स्ट्रोक आहे, त्यात ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, मिसळतो. ते ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. खालचा थर ओढला गेला तर इंजिनला वंगणच मिळत नाही.

बोट ठेवताना काय करावे

आता आम्ही करतो ते क्रमाने लिहिते. बोट किंवा पाणी खेचायचे पेट्रोल इंजिन असलेल्या इतर केंद्रांनाही हे उपयोगी पडेल. काम उघड्यावर करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. म्हणून टाकी बोटीतून खाली उतरवूनच उघडावी. विडी, चूल, ठिणगी जवळ नको.

१. एप्रिलच्या मध्यापासून फेरीपुरतेच पेट्रोल भरावे, म्हणजे शेवटी फार उरत नाही. ऑइल मिसळलेले उरले तर ते मोटारसायकलला चालत नाही. तसेच इंजिन वापरणाऱ्या मासेमारांना ताजे असतानाच द्यावे.

२. शेवटच्या दिवशी, इंजिन पाण्यातच असताना, ते सुरू करून पेट्रोलची नळी काढावी. आवाज बदलू लागला की हवा घेण्याच्या तोंडातून थोडे ऑइल फवारावे, म्हणजे कोरडे पडताना आतले भाग घासत नाहीत. इंजिन आपोआप बंद पडेल.

३. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब बाटलीत काढावेत. इंजिन बंद पडले म्हणजे कार्बोरेटर रिकामा झाला असे नाही. तळाला थोडे राहतेच आणि चिकटा त्याचाच होतो.

४. स्पार्क प्लग काढून आत चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे. बंद करण्याच्या दोरीची चिमटी काढलेली असू द्यावी. मग सुरू करायची दोरी दोन-तीनदा हळू ओढावी आणि प्लग परत बसवावा.

५. टाकी रिकामी करून सावलीत पूर्ण सुकवावी. मग झाकण व हवेचा स्क्रू दोन्ही घट्ट बंद करावेत. नळी आणि मधला रबरी फुगा वाकवून पाहावेत. भेग दिसली तर बदलावेत. फिल्टर नवा घालावा.

६. इंजिन उभेच ठेवावे, म्हणजे आतले पाणी गळून जाते. वर हवा खेळेल असे कापड घालावे. केलेल्या कामाची तारीख पुठ्ठ्यावर लिहून इंजिनला बांधावी.

काढलेले घाण पेट्रोल नदीत किंवा काठावर ओतू नये. त्याच पाण्यात मासे आहेत आणि तेच पाणी पाड्यावरच्या बहिणी हंड्यात भरून नेतात. आम्ही ते बंद डब्यात गॅरेजला देतो.

कोकणातल्या मंडळ्यांतील बांधवांच्या बोटी डिझेलच्या असतात. तिथे पक्क्या बसवलेल्या टाकीत रीत उलटी. टाकी जवळजवळ पूर्ण भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी सुटते आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे काळी, बुळबुळीत साय वाढते. फिल्टरच्या पेल्यातले पाणी काढून फिल्टर बदलावा.

पुन्हा पाण्यात उतरवताना

बोलावणे येण्याची वाट पाहू नये. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ताजे पेट्रोल आणतो, थोडे काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवतो आणि सकाळी तळाशी रेघ दिसते का ते पाहतो. मग ऑइल मिसळून टाकी भरतो, रबरी फुगा घट्ट होईपर्यंत दाबतो आणि कुठे गळत नाही ना ते बघतो. पाण्याच्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवून दहा मिनिटे चालवतो. त्या दिवशी कोणी आजारी नसते, कोणी काठावर थांबलेले नसते. म्हणूनच तो दिवस योग्य.

मनन

आता दहा कुमारींचा दाखला पुन्हा वाचा. माझे लक्ष वर्षानुवर्षे मूर्ख आणि शहाण्या या दोन शब्दांवरच जाई. पण त्या दहा जणींमध्ये सारखेपणा किती आहे, ते पाहा. दहाही जणींना बोलावणे होते. दहाही जणींकडे दिवे होते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. झोपेबद्दल प्रभूने कोणालाही दोष दिलेला नाही. फरक एवढाच की पाच जणींनी दिव्याबरोबर भांड्यात तेलही घेतले होते. आणि ते घेतले निघतानाच, जेव्हा त्याची गरज कोणालाच दिसत नव्हती.

मध्यरात्री तेल मागितले तेव्हा मिळाले नाही, हे आपल्याला कठोर वाटते. काठावर उभी असताना मला ते कळले. त्या पहाटे भाऊंजवळ ताकद होती, माझ्याजवळ प्रार्थना होती, मासेमारांजवळ दया होती. पण मे महिन्यात न केलेले अर्ध्या तासाचे काम जुलैत कोणीच मला उसने देऊ शकत नव्हते.

मग मी टाकी भरलेली ठेवली होती, ती तयारी नव्हती का? इथे निर्गमातला मान्ना आठवतो. दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले. साठा आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुने राखून ठेवले की आपल्याला तयार असल्यासारखे वाटते, आणि तेवढ्यावरच आपण निर्धास्त होतो. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या वचनावर आणि जुन्या साक्षींवर मी कितीदा असेच दिवस काढले आहेत! टाकी भरलेली होती, पण आतले पेट्रोल जाळण्याजोगे राहिले नव्हते.

आई आणि बाळ वाचली ती प्रभूची कृपा. त्या कृपेआड मी माझी चूक झाकली, हे माझे पाप. भाऊंची क्षमा मी त्याच आठवड्यात मागितली. आपली आज मागते. आता बोट ठेवण्याचा दिवस भाऊ ठरवतात आणि त्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली काम करते. पुठ्ठ्यावर सही त्यांची असते.

या वेळी नव्या इंजिनासाठी दान मागत नाही. फिल्टर, प्लग, नळी आणि ऑइल एवढाच खर्च आहे. पण त्याचा फोटो छापता येत नाही, म्हणून तो नेहमी मागे राहतो. आपल्या प्रार्थनेत आणि दानात या न दिसणाऱ्या कामालाही जागा असू द्या.

कुटुंबात व गटात चर्चेसाठी

१. दहा कुमारींपैकी शहाण्यांनी तयारी केव्हा केली? आपल्या मंडळीत असे कोणते काम आहे जे गरज दिसण्याआधीच करायला हवे?

२. आपल्यापेक्षा लहान किंवा हाताखालच्या माणसाने सांगितलेले खरे आपण कधी टाळले आहे का? त्याची भरपाई कशी कराल?

३. आपण दिलेली कोणती साक्ष अर्धी राहिली आहे?

प्रार्थना

हे प्रभू, कोणी हाक मारत नाही त्या दिवसांतही आम्हांला विश्वासू ठेव. आमच्यात साचून शिळे झालेले काढून टाक आणि आम्हांला रोज ताजे दे. नर्मदाकाठच्या पाड्यांवरील गरोदर बहिणींना, तान्ह्या बाळांना आणि बोट चालवणाऱ्या हातांना सांभाळ. येशूच्या नावात मागतो. आमेन.