माल दुकानात, मगच जाहिरात पेपरात

प्रॉडक्ट मार्केटिंगमध्ये नव्याने आलेली मुलं-मुली भेटली की लाँचबद्दल हमखास विचारतात. कार्यक्रम कुठे करायचा, जाहिरातीत कोणाला घ्यायचं, खर्च किती धरायचा, असे त्यांचे प्रश्न असतात. माझं उत्तर दर वेळी एकच असतं. लाँचची तारीख दुकानाच्या फळीवरून ठरवा. गिऱ्हाईक जिथे हात पुढे करून पुडा उचलतं, तिथे माल पोहोचल्याची खात्री झाल्याशिवाय एक रुपयाचीही जाहिरात सोडू नका. हे ऐकायला फार साधं वाटतं. पण अनुभवी माणसांनी भरलेल्या कंपनीतही ते कसं निसटतं, हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून तो प्रसंग आधी सांगते आणि त्यानंतर आम्ही कामाची जी पद्धत बसवली, तीही.

सगळे खरं बोलत होते

पुण्यातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत मी तेव्हा नोकरीला होते. उपवासाच्या भाजणीचं पीठ नवरात्रात बाजारात आणायचं ठरलं. राजगिरा, साबुदाणा, वरई यांचं प्रमाण छान जमलं होतं. थालीपीठ तव्यावर मोडत नव्हतं. घटस्थापनेच्या सकाळी मराठी दैनिकांत पहिल्या पानावर जाहिरात द्यायची होती. ती जागा बऱ्याच आधी घेऊन ठेवलेली होती.

आढावा बैठकांत काळजीचं काहीच दिसत नव्हतं. कारखान्याचे लोक म्हणत, माल झाला. म्हणजे तो त्यांच्या गेटबाहेर पडला होता. डेपोवाले म्हणत, माल आला. म्हणजे तो त्यांच्या गोदामात होता. विक्री विभाग म्हणे, बिलं फाडली. म्हणजे माल वितरकांच्या नावावर चढला होता. प्रत्येक जण खरं बोलत होता. पण वितरकाच्या गोदामापासून किराणा दुकानाच्या फळीपर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाच्याच यादीत नव्हता.

अडला तो नेमका तोच टप्पा, आणि त्याचं कारण पंचांगात होतं. नवरात्राच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. त्या दिवसांत नव्या मालाची पहिली ऑर्डर द्यायला बरेच दुकानदार नाखूश असतात. ‘घट बसू देत, मग घेतो,’ असं ते सेल्समनला सांगतात. त्याआधीचे दिवस गणपतीचे. तेव्हा पुण्या-मुंबईत रस्ते बंद, अवजड वाहनांवर निर्बंध, वितरकाकडची माणसं सुट्टीवर. म्हणजे नवरात्रात विकायचा माल दुकानांत भरायचा तर तो गणपती बसण्याआधीच भरायला हवा. आमचे ते दिवस लेबलाच्या दुरुस्त्यांमध्ये गेले होते.

घटस्थापनेला जाहिरात छापून आली आणि तिने आपलं काम चोख केलं. लोक दुकानांत जाऊन भाजणी मागू लागले. त्या दिवशी मी कोथरूड आणि सदाशिव पेठेतल्या दुकानांतून फिरत होते. ‘ताई, जाहिरात घराघरांत पोचली तुमची. माल कुठंय?’ असं एका दुकानदारांनी विचारलं आणि समोर उभ्या असलेल्या बाईंना दुसऱ्या कंपनीची भाजणी काढून दिली. मागणी आमच्या पैशाने तयार झाली आणि विक्री दुसऱ्याची झाली.

जिथे माल होता तिथे वेगळ्या अडचणी निघाल्या. एका सुपरमार्केटच्या शाखांमध्ये पुडे पोहोचले होते, पण त्यांचा बारकोड तिथल्या संगणकात चढवलेला नव्हता. बिल होईना, म्हणून पुडे मागे उचलून ठेवले गेले. ग्राहकसेवेच्या नंबरावर फोन येऊ लागले. मीठ साधं आहे की सैंधव? ज्या यंत्रावर हे पीठ दळता, त्याच यंत्रावर गहू दळता का? उपवास करणाऱ्या माणसासाठी हे प्रश्न श्रद्धेचे असतात. फोन घेणाऱ्या मुलींना मात्र असं काही उत्पादन आल्याचंच कोणी कळवलं नव्हतं. ‘चौकशी करून सांगते’ एवढंच त्या म्हणू शकत होत्या. फळ्या भरल्या तेव्हा दसरा उलटून गेला होता.

यात कामचुकार कोणी नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. अशा वेळी कोणा एकाला जबाबदार धरलं की कंपनीचं समाधान होतं, पण पुढच्या लाँचला तीच गत होते. दोन खात्यांच्या मधल्या कामाला मालक नव्हता, हे खरं कारण होतं. प्रॉडक्ट मार्केटिंग करणाऱ्याची जागा त्या मधल्या कामातच असते.

मोठ्या नावांनाही चुकलेलं नाही

आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण टाटा नॅनोचं. या गाडीच्या जडणघडणीशी पुण्याचं जवळचं नातं होतं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती जगाला दाखवली गेली. १ लाखाची गाडी म्हणून देशभर तिची चर्चा झाली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या कारखान्याचा पश्चिम बंगालमधल्या सिंगूरचा प्रकल्प सोडावा लागला. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडी बाजारात आणल्याचा समारंभ झाला, तेव्हा तिच्यासाठी उभारायचा मोठा कारखाना तयार नव्हता. २ लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या १ लाख गाड्या कोणाला द्यायच्या, हे सोडत काढून ठरवावं लागलं. तो कारखाना शेवटी गुजरातमध्ये साणंदला सुरू झाला, जून २०१० मध्ये. लोकांची उत्सुकता सर्वांत जास्त होती, त्या काळात गाड्या पंतनगरच्या कारखान्यातून मर्यादित संख्येनेच येत होत्या.

नॅनोचा दुसरा धडा याहून खोल आहे. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही तिची ओळख झाली. पावसात दुचाकीवरून चौघांना नेणाऱ्या कुटुंबासाठी सुरक्षित वाहन, हा तिच्यामागचा मूळ विचार स्वस्ताईच्या मागे पडला. आपल्या माणसाला गाडी घ्यायची असते ती चार लोकांत मान वाढावा म्हणूनही. स्वस्तपणाचा शिक्का अशी खरेदी अवघड करतो. ती ओळख नुकसानकारक ठरल्याचं पुढे रतन टाटा यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलं. गाडी कोणासाठी आणि का, याचं एक वाक्य ठरवून ते सर्वांनी पाळणं किती महत्त्वाचं असतं, ते इथे दिसतं.

मग काम कसं करावं

सुरुवात एका कागदापासून करा. हे उत्पादन कोणासाठी आहे, तो माणूस आज त्याऐवजी काय वापरतो, आणि ते सोडून त्याने आपलं का घ्यावं, याची उत्तरं त्यावर लिहा. खाली किंमत, दुकानदाराचं मार्जिन आणि गिऱ्हाईक विचारील असे प्रश्न उत्तरांसकट लिहा. हा कागद कारखान्यापासून ग्राहकसेवेपर्यंत सर्वांच्या हाती एकाच दिवशी द्या. सैंधवाचा प्रश्न फोनवर पहिल्यांदा ऐकू येता कामा नये.

वेळापत्रक शेवटाकडून आखा. फळीवर माल दिसण्याचा दिवस आधी लिहा आणि तिथून एकेक पाऊल मागे या: दुकान, वितरक, डेपो, कारखाना, छपाई, लेबल. वेळ कुठे जातो ते मग कळतं. खाद्यपदार्थाच्या पुड्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत आणि ग्राहकसेवेचा पत्ता हे सगळं बिनचूक असावं लागतं. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाचं सिलिंडर वेगळं कोरतात. एक शब्द बदलला तरी तो ज्या रंगात असेल, ते सिलिंडर पुन्हा करावं लागतं. म्हणून लेबल एकदा पक्कं झालं की त्यात ‘छोटासा बदल’ सुचवण्याची मुभा संचालकांनाही देऊ नका.

वेळापत्रकाशेजारी पंचांग ठेवा. दर वर्षी सण मागेपुढे होतात. २०२० साली अधिक अश्विन आला आणि पितृपक्ष व नवरात्र यांच्यात महिनाभराचं अंतर पडलं. महिन्याचे दिवसही पाहा. पगारदार घरांत महिन्याचा किराणा साधारण पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत भरला जातो. तेव्हा माल नसेल तर पुढचा महिना उजाडतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विक्रीची माणसं टार्गेटच्या मागे असतात. त्या दिवसांत नव्या मालाकडे त्यांचं लक्ष जाणार नाही, हे गृहीत धरा.

सरकारी निर्णयांसाठी मोकळे दिवस राखून ठेवा. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दर बदलल्याचं जाहीर केलं आणि बहुतेक वस्तूंवरचे नवे दर २२ सप्टेंबरला, त्या वर्षीच्या घटस्थापनेलाच, लागू झाले. फरसाणासारख्या वस्तू १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्या. छापील पुडे आणि भरलेली गोदामं घेऊन बसलेल्यांना ऐन सणात किमती बदलाव्या लागल्या. ज्यांच्या वेळापत्रकात थोडी मोकळीक होती, त्यांना ते झेपलं.

प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. खात्याचं नाव चालणार नाही, दोन नावंही चालणार नाहीत. आणि काम झाल्याचा पुरावा काय, तेही आधीच ठरवा. ‘माल पोहोचला’ याचा पुरावा म्हणजे दुकानातल्या फळीचा फोटो. ‘बारकोड चढला’ याचा पुरावा म्हणजे त्या काउंटरवर स्वतः एक पुडा विकत घेऊन आणलेलं बिल. ‘ग्राहकसेवा तयार आहे’ याचा पुरावा म्हणजे तुम्ही अनोळखी ग्राहक म्हणून केलेल्या फोनला मिळालेलं नीट उत्तर. आम्ही हे सुरू केलं तेव्हा काही जणांना अविश्वास वाटला. पण पुराव्यामुळे प्रामाणिक माणसाचं ओझं हलकं होतं. अडचण आहे, असं तो वेळेवर सांगू शकतो.

रंगीत तालीम करा. एखाद्या शहरात किंवा सेल्समनच्या मोजक्या बीटवर, जाहिरात न करता, माल आधी विकून पाहा. बिलिंग, स्कीम, फोन, परतीचा माल, सगळं त्या लहान आवाक्यात तपासून घ्या. ७ जून २०२१ रोजी आयकराचं नवं ई-फायलिंग पोर्टल देशासाठी एकदम खुलं झालं आणि पहिल्या दिवसापासून करदाते नि सीए अडखळू लागले. विवरणपत्राची मुदत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. खऱ्या गर्दीचा भार आधी सोसून पाहिलेला नसेल, तर हीच वेळ कोणावरही येते.

तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाचा, हे पहिल्याच बैठकीत ठरवा आणि लिहून ठेवा. जाहिरातीची जागा कोणत्या दिवसापर्यंत रद्द करता येते, ते एजन्सीला विचारा. त्याच्या आदल्या दिवशी निर्णयाची बैठक ठेवा. तिथे एकच प्रश्न विचारा: ठरवलेल्या दुकानांपैकी निदान इतक्या दुकानांत माल आहे का? आकडा आधी ठरवलेला असावा. त्याहून कमी भरला तर जाहिरात थांबली पाहिजे, समोर कितीही वरिष्ठ बसलेले असोत. रद्द केलेल्या जागेचे पैसे जातात हे खरं. पण मोकळ्या फळीसमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास जातो तो त्याहून महाग पडतो, आणि दुकानदारही पुढच्या वेळी तुमच्या सेल्समनला दारात उभं करत नाही.

लाँचनंतर वितरकाला विकलेल्या मालावर आनंद मानू नका. त्याला आपण प्रायमरी विक्री म्हणतो. ती फक्त माल सरकवणं आहे. वितरकाकडून दुकानात किती गेला, दुकानातून घरात किती गेला आणि तेच घर पुन्हा पुडा घ्यायला आलं का, हे पाहा. पहिले काही आठवडे सर्व खात्यांनी रोज थोडा वेळ एकत्र बसावं आणि दुकानांतून आलेल्या तक्रारी त्याच दिवशी निकाली काढाव्यात.

ही पद्धत बसल्यानंतर आमची काही लाँच ठरल्या तारखेला झाली, काही आम्ही स्वतःहून पुढे ढकलली. पुढे ढकललेल्यांचा पश्चात्ताप कोणालाच झाला नाही. तुमच्या हातात आज एखादं लाँच असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि वेळापत्रक उघडा. ज्या कामापुढे एका माणसाचं नाव नाही, ते काम शोधा आणि आजच तिथे नाव लिहून घ्या.